सागरापलीकडची तूर : मालाची प्रत आणि पैशाची हमी

(शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक, पंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय अधिकारी यांच्यासाठी भरविण्यात आलेल्या प्रशिक्षण वर्गात एका माहिती अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाची ही संहिता.)



आपल्या भाषेत तुरीला मोठा मान आहे. 'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आणि एखादा लबाड माणूस निसटला की 'तो हातावर तुरी देऊन पळाला' असे आपण म्हणतो. माल हाती येण्यापूर्वीच त्याचा हिशेब मांडणाऱ्याची पहिलीत थट्टा आहे, तर दुसऱ्यात हाती काहीबाही टेकवून पसार होणाऱ्याची लबाडी आहे. परदेशातून अन्नधान्य आणू पाहणाऱ्याच्या वाटेवरील बहुतेक सारे धोके या दोहोंत सामावलेले आहेत. माल कसा येईल ही एक चिंता, आणि दिलेल्या पैशाचे काय होईल ही दुसरी. या दोन चिंता वेगळ्या नसून एकच आहेत, एवढे एक सूत्र मनावर ठसवावे, यासाठीच आज मी आपल्यापुढे उभा आहे.

तुरीचे मूळ घर भारत हेच होय. येथूनच ती आफ्रिकेत गेली. आज मात्र उलट्या वाटेने ती आपल्याकडे येते. कडधान्ये पिकविण्यात, खाण्यात आणि आयात करण्यातही भारत जगात अग्रेसर आहे. २०२३-२४ या वर्षात सुमारे ४७ लाख टन कडधान्ये परदेशांतून आली. २०२४-२५ मध्ये हा आकडा ७० लाख टनांच्याही पुढे गेला. तूर येते ती म्यानमार, मोझांबिक, टांझानिया आणि मलावी या देशांतून. मसूर कॅनडा व ऑस्ट्रेलियातून. पिवळा वाटाणा कॅनडा व रशियातून. बाजारात म्यानमारच्या तुरीला 'लेमन', टांझानियाच्या तुरीला 'अरुषा' आणि मोझांबिकच्या तुरीला 'गजरी' अशी नावेही रूढ झाली आहेत.

कोणी विचारील, 'हा मुंबईच्या मोठ्या पेढ्यांचा विषय. ग्रामपंचायतीच्या सदस्याला आणि प्राथमिक शिक्षकाला त्याचे काय?' प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तरही सरळ आहे. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे दररोज २० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे ३० ग्रॅम डाळ धरलेली असते. लातूर आणि अकोला येथील डाळ गिरण्यांत देशी तुरीबरोबर परदेशी तूरही भरडली जाते. एकदा डाळ झाली की दाणा कोठला, हे मुलाच्या ताटात ओळखता येत नाही. दुसरे असे की, आपल्यापैकी काही जण शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक आहात. ज्या कंपनीने डाळ गिरणी घातली, तिला हंगाम संपल्यावर कच्चा माल कमी पडणार आणि 'आपणही दहा कंटेनर मागवावेत' हा विचार केव्हा ना केव्हा संचालक मंडळापुढे येणार. तेव्हा पणाला लागतील ते शेकडो शेतकरी सभासदांचे भागभांडवलाचे पैसे. यास्तव ही विद्या आपल्याला ठाऊक असणे अगत्याचे आहे.

प्रथम या व्यवहाराचा स्वभाव पाहू. आपल्या बाजार समितीत सौदा होतो तेव्हा घेणारा मूठभर दाणे तळहातावर घेतो, दाताखाली एखादा फोडून पाहतो, मग वजन होते आणि पैसे चुकते होतात. माल, पारख आणि पैसा ही तिन्ही एकाच ओट्यावर, एकाच सकाळी एकत्र येतात. परदेशी व्यापारात ही तिन्ही एकमेकांपासून दूर पडतात. मालाची भरणी मोझांबिकच्या नाकाला बंदरात, पारख न्हावाशेव्याला आणि पैसा दोन बँकांच्या मध्ये कोठेतरी. विकणाऱ्याला वाटते की पैसे आधी मिळावेत. घेणाऱ्याला वाटते की माल आधी पाहावा. दोघांचेही म्हणणे खरे, आणि दोघांच्या मध्ये समुद्र. या समुद्रावर कागदाचा पूल बांधावा लागतो. तो पूल भक्कम असेल तर व्यवहार निभावतो, कच्चा असेल तर सभासदांच्या पैशासह आपण बुडतो.

आता मालाच्या प्रतीकडे वळू. 'उत्तम प्रतीची तूर' हे शब्द करारात लिहिणे म्हणजे काहीच न लिहिण्यासारखे आहे. उत्तम म्हणजे काय, हे आकड्यांत सांगितले पाहिजे. कोणत्या देशाची, कोणत्या हंगामाची, ओलावा किती टक्के, माती-खडे-काडीकचरा किती, डागी व फुटका दाणा किती, किडका दाणा किती आणि इतर धान्याची मिसळ किती, हे सारे करारात स्पष्ट हवे. आपल्या अन्नसुरक्षा मानकांत तूरडाळीचा ओलावा १४ टक्क्यांहून अधिक नसावा, असे आहे; कीड आत शिरून गेल्याची खूण म्हणजे युरिक आम्ल, ते किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आत असावे लागते. परंतु कायद्याची मर्यादा ही विक्रीस योग्य-अयोग्य ठरविणारी शेवटची रेघ होय. सौद्याची रेघ तिच्या बरीच अलीकडे आखावी.

एका लहानशा हिशेबाने हे स्पष्ट होईल. वीस फुटी कंटेनरात साधारण २४ टन तूर मावते. समजा, आपण दहा कंटेनर, म्हणजे २४० टन तूर ११ टक्के ओलावा गृहीत धरून घेतली. प्रत्यक्षात आलेल्या मालात ओलावा १४ टक्के निघाला. कायद्याच्या दृष्टीने हा माल सदोष नाही. परंतु त्यात आठ टन पाणी जादा आहे आणि त्या आठ टनांचे पैसे आपण तुरीच्या भावाने मोजले आहेत. करारात '११ टक्क्यांहून अधिक ओलावा आढळल्यास त्या प्रमाणात किंमत कमी केली जाईल' हे एक वाक्य असते, तर हे नुकसान टळले असते. त्यातून हे जादा पाणी स्वस्थ बसत नाही. बंद कंटेनर दिवसा तापतो, रात्री थंडावतो. आतील ओलावा छताला दव होऊन चिकटतो आणि वरच्या पोत्यांवर ठिबकतो. मग बुरशी येते. बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण होऊ शकते, आणि ते शिजविण्याने पुरते नाहीसे होत नाही. म्हणून भरणीच्या वेळी दाणा कोरडा असणे, कंटेनर स्वच्छ व न गळणारा असणे आणि आत ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगलेल्या असणे, या बारीक वाटणाऱ्या गोष्टी करारात लिहून घ्याव्या लागतात.

नमुना कोणी घ्यायचा, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न. विक्रेत्याने पाठविलेली वानगी ही त्याच्या उत्तम पोत्यातली असणार, हे सांगायला नको. भरणीच्या वेळी दोघांशीही संबंध नसलेल्या तिऱ्हाईत परीक्षण संस्थेने ठिकठिकाणच्या पोत्यांतून नमुने घ्यावेत, ते एकत्र करून त्यांचे भाग पाडावेत, मोहोरबंद करावेत. एक भाग विक्रेत्याकडे, एक आपल्याकडे आणि एक संस्थेने स्वतःजवळ ठेवावा. पुढे वाद झाला तर तो मोहोरबंद भागच साक्ष देतो. आणखी एक शब्दप्रयोग ध्यानात ठेवा. अनेक करारांत 'प्रत व वजन भरणीच्या वेळी अंतिम' असे कलम असते. त्याचा अर्थ असा की परीक्षकाने तेथे दिलेला दाखला हाच शेवटचा शब्द. येथे उतरल्यावर केलेली तक्रार ऐकली जाणार नाही. हे कलम मान्य करणे नेहमीच गैर असते असे नाही. परंतु ते मान्य केले तर तेथील परीक्षक आपल्या निवडीचा असलाच पाहिजे.

प्रयोगशाळेच्या दाखल्यावर विश्वास ठेवावा, पण तो डोळसपणे. तपासणीला जे विचारले जाते तेवढ्याचेच उत्तर ती देते. २००८ साली चीनमध्ये जे घडले ते जगाने पाहिले. दुधात पाणी घालून मेलामाइन नावाचे रसायन मिसळण्यात आले. दुधातील प्रथिने मोजण्याची रूढ पद्धत ही नत्राचे प्रमाण मोजते आणि मेलामाइनमध्ये नत्र विपुल. कागदावर प्रथिने भरपूर दिसली. प्रत्यक्षात सहा बालके दगावली आणि सुमारे तीन लाख बालके आजारी पडली. भारताने त्याच वर्षी चिनी दुग्धपदार्थांच्या आयातीवर बंदी घातली. दाखल्यावरचा आकडा खरा होता. विचारलेला प्रश्न अपुरा होता. तुरीच्या बाबतीत हाच धडा असा लावावा, की ओलावा आणि कचरा तपासून थांबू नये. लाखेच्या डाळीची मिसळ, बाहेरून लावलेला रंग, कीटकनाशकांचे अवशेष आणि अफ्लाटॉक्सिन या सर्वांची तपासणी नावे घेऊन मागावी. लाखेची डाळ आपल्या विदर्भाला अपरिचित नाही. ती रोज व फार खाण्यात आल्याने पाय लुळे पडतात, म्हणूनच तिच्या विक्रीवर १९६१ पासून देशभर निर्बंध आले. दाण्याचा आकार निराळा असला तरी डाळ केल्यावर ती तुरीत सहज लपते.

येथवर मालाचा विचार झाला. आता पैशाचा.

पैसे देण्याच्या रीती मुख्यतः चार. पहिली, सारी रक्कम आगाऊ पाठविणे. यात धोका संपूर्ण आपला. दुसरी, माल जहाजावर चढल्यावर त्याचे कागद आपल्या बँकेत येतात आणि पैसे भरून ते सोडवून घ्यायचे. तिसरी, हुंडी स्वीकारून कागद घ्यायचे आणि पैसे ठरलेल्या मुदतीनंतर द्यायचे. यात धोका विक्रेत्याचा, म्हणून नवख्या ग्राहकाला ही सवलत सहसा मिळत नाही. चौथी रीत पतपत्राची, म्हणजे व्यापारी ज्याला एल. सी. म्हणतात तिची. पतपत्रात आपली बँक विक्रेत्याला असे वचन देते, की अमुक अमुक कागद, अमुक तारखेच्या आत, बिनचूक सादर केलेस तर पैसे मी देईन. ग्राहकाची पत कशी आहे, याची विक्रेत्याला काळजी उरत नाही. आणि माल जहाजावर चढल्याचे कागद आल्याशिवाय पैसा हलणार नाही, एवढा दिलासा ग्राहकाला मिळतो.

मात्र येथेच पुष्कळांची समजूत चुकते. पतपत्र उघडले म्हणजे चांगल्या मालाची हमी मिळाली, असे त्यांना वाटते. तसे नाही. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने पतपत्रांसंबंधी एकसारखे नियम केलेले आहेत; ते पहिल्यांदा १९३३ साली प्रसिद्ध झाले आणि आज चालू असलेली नियमावली १ जुलै २००७ पासून अमलात आहे. तिचे एक मूलभूत कलम असे सांगते, की बँकांचा संबंध कागदांशी असतो, मालाशी नव्हे. कागद सादर झाल्यापासून बँकेला ते तपासण्यास जास्तीत जास्त पाच कामकाजाचे दिवस मिळतात. त्या अवधीत ती कंटेनर उघडून पाहत नाही. ते तिचे कामच नव्हे.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण आपल्याच देशाशी निगडित आहे. लखनौच्या एका विक्रेत्याने न्यूयॉर्कच्या ग्राहकाला डुकराचे राठ केस विकले. व्यवहार पतपत्राचा होता. विक्रेत्याने ५० पेट्या जहाजावर चढविल्या आणि जहाजाचे कागद मिळविले. पेट्यांत निघाले गाईचे केस आणि केरकचरा! कागद मात्र बिनचूक होते. ग्राहकाने न्यायालयात धाव घेतली. १९४१ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने असे तत्त्व सांगितले, की पैसे देण्यापूर्वीच धडधडीत फसवणूक बँकेच्या निदर्शनास आली असेल, तर केवळ कागद बरोबर आहेत म्हणून बँकेला पैसे देण्यास भाग पाडता येणार नाही. जगभरच्या न्यायालयांनी पुढे या तत्त्वाचा आधार घेतला. तथापि त्याचा आवाका लहान आहे हे विसरू नये. हलकी तूर पाठविणे आणि तुरीऐवजी केरकचरा पाठविणे यात न्यायालय फरक करते. माल थोडा हलका निघाला म्हणून पतपत्राचे पैसे अडविता येत नाहीत.

मग उपाय काय? उपाय पतपत्राच्या पोटातच आहे. बँक कागदच पाहणार असेल, तर मालाची प्रत कागदावर आणणे हे आपले काम. पतपत्रात असे लिहावे, की आम्ही नाव घेतलेल्या परीक्षण संस्थेने भरणीच्या वेळी दिलेला दाखला सादर झालाच पाहिजे आणि त्या दाखल्यात ओलावा, कचरा, किडका दाणा यांचे आकडे अमुक मर्यादेच्या आत असल्याचे नमूद असले पाहिजे. नुसते 'परीक्षणाचा दाखला' असे लिहू नये. तसे लिहिल्यास 'माल तपासला, वाईट आढळला' असा दाखला आला तरी बँक तो स्वीकारील. त्याचप्रमाणे मूळ देशाचा दाखला, वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र, धुरी दिल्याचा दाखला आणि भरणीची शेवटची तारीख या बाबीही त्यातच याव्यात. शक्य असेल तेथे किमतीतील एक हिस्सा माल येथे उतरून तपासला गेल्यानंतर देण्याचे ठरवावे. विक्रेता एकदम तयार होणार नाही. पण विचारावे जरूर. जो दर्जाची खात्री देतो पण शेवटचे दहा टक्केही थांबवू देत नाही, त्याच्या खात्रीची किंमत आपोआप कळते. मालाची प्रत आणि पैशाची हमी ही एकच गोष्ट आहे, असे मी आरंभी म्हटले ते या अर्थाने.

काही सावधगिरी अगदी साधी आहे, पण मोठे नुकसान टाळणारी आहे. आयात-निर्यात क्रमांक आपल्या कंपनीचाच असावा. दुसऱ्याच्या क्रमांकावर माल आणण्याच्या भानगडीत पडू नये. आगाऊ रक्कम द्यावीच लागली तर परदेशी बँकेची हमी मागावी. ठराविक मर्यादेपुढील आगाऊ रकमांसाठी रिझर्व्ह बँकेनेही अशाच हमीचा आग्रह धरलेला आहे. 'आमचे बँक खाते बदलले आहे, पैसे या नव्या खात्यात पाठवा' असा ईमेल आला तर तो खरा मानण्यापूर्वी आपल्याजवळ आधीपासून असलेल्या दूरध्वनी क्रमांकावर स्वतः बोलून खात्री करावी. संदेश पाहून पाठविलेला पैसा तिऱ्हाइताच्या खिशात गेल्याचे प्रकार आज सर्रास घडतात. डॉलरचा भाव वाढला तर सौदा तोट्यात जातो, म्हणून बँकेकडून आगाऊ दर बांधून घेण्याचा विचार करावा. विम्याचेही तसेच. विमा विक्रेत्याने उतरवायचा असा सौदा असेल, तर आंतरराष्ट्रीय संज्ञांप्रमाणे त्याने केवळ किमान विमा उतरविणे पुरेसे ठरते. त्यात जहाज बुडणे, जळणे अशा आपत्ती येतात; छतावरून ठिबकणारे दव येत नाही. तूर भिजल्यावर विम्याचा कागद वाचण्यात अर्थ नाही. तो आधी वाचावा.

आता माल बंदरात आला असे समजू. येथे शासनाची तीन दारे आहेत : सीमाशुल्क, वनस्पती संगरोध आणि अन्नसुरक्षा. या दारांवर होणाऱ्या विलंबाबद्दल आयातदारांची कुरकुर असते; पण ही दारे का उभारली, हे आपल्या शेतकऱ्याइतके कोणाला उमगणार? आपल्या बांधावर, शाळेच्या आवारात, रस्त्याच्या कडेला माजलेले गाजरगवत पाहा. पुण्याच्या परिसरात १९५५ च्या सुमारास ते ठळकपणे नजरेस आले. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. धान्याबरोबर आलेले नकोसे बी पुढच्या पिढ्यांनाही उपटत बसावे लागते. म्हणूनच २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशान्वये धुरी आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र यांचा आग्रह धरला जातो. ते प्रमाणपत्र नसेल किंवा त्यात चूक असेल, तर माल बंदरात अडकतो आणि रोजचे भाडे चढत राहते. हा खर्च कोणी सोसायचा, तेही करारात हवे.

अन्नसुरक्षा अधिकारी २००६ च्या कायद्याखाली आणि २०१७ च्या आयात विनियमांनुसार काम करतात. ते मालाची पाहणी करतात, नमुन्याचे दोन भाग घेतात; एक प्रयोगशाळेत जातो, दुसरा जपून ठेवला जातो. अहवाल विरुद्ध गेला तर दाद मागता येते आणि दुसरा भाग निर्देशित प्रयोगशाळेकडे जातो. डबाबंद पदार्थांच्या बाबतीत, विकण्यायोग्य मुदतीपैकी साठ टक्के मुदत किंवा तीन महिने, यांपैकी जी कमी असेल तेवढी शिल्लक असावी लागते. अयोग्य ठरलेला माल परत पाठवावा लागतो किंवा नष्ट करावा लागतो. तोवर पतपत्राचे पैसे विक्रेत्याच्या देशात पोहोचलेले असतात. बंदरावरील तपासणी जनतेचे आरोग्य राखते. आयातदाराचा पैसा राखणे हे तिचे काम नव्हे. तो राखायचा असेल तर भरणीच्या बंदरावरच राखला पाहिजे.

शंका आणि शास्त्र यांचा मेळ कसा घालावा, याचेही एक उदाहरण मुंबईनेच घालून दिले आहे. २६ एप्रिल १९८६ रोजी सोव्हिएत संघातील चेर्नोबिल येथे अणुभट्टीचा अपघात झाला. त्यानंतर आयर्लंडहून मुंबईस आलेल्या २०० टन लोण्यात किरणोत्सर्गी अंश असल्याची शंका काही जागरूक नागरिकांनी घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. ते लोणी खाण्यास निर्धोक असल्याचा अभिप्राय तिने दिला, आणि १९८८ मध्ये त्या आधारे निर्णय झाला. नागरिकांची शंका वावगी नव्हती. तिचे निरसन मात्र अफवेने न होता मोजमापाने झाले. आपल्या गावात 'परदेशी डाळ विषारी आहे' अशी कुजबुज सुरू झाली, तर शिक्षकांनी आणि सदस्यांनी हाच मार्ग दाखवावा. नमुना द्या, तपासून घ्या, मग बोला.

आणखी एका धोक्याकडे लक्ष वेधतो. तो आहे धोरण आणि भाव बदलण्याचा. पूर्व आफ्रिकेची तूर आपल्याकडे साधारणतः दिवाळीच्या आगेमागे येते. महाराष्ट्राची नवी तूर त्यानंतर बाजारात उतरते. जहाजाला महिनाभर उशीर झाला, तर चढ्या भावात घेतलेला माल पडत्या बाजारात येऊन ठेपतो. शिवाय आपल्या शेतकऱ्याच्या हितासाठी शासन प्रसंगी आयातीवर निर्बंध घालते. ऑगस्ट २०१७ मध्ये तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घालण्यात आली. मे २०२१ मध्ये ती उठविण्यात आली. निर्बंधापूर्वी उघडलेल्या अपरिवर्तनीय पतपत्राला धोरणात सामान्यतः संरक्षण असते. पण त्यावरही विसंबून चालत नाही. मार्च २०१९ मध्ये वाटाण्याच्या आयातीवर मर्यादा घालताना हे संरक्षणच काढून घेतले होते. काही आयातदारांनी न्यायालयांचे अंतरिम आदेश मिळवून जादा माल आणला. सर्वोच्च न्यायालयाने २६ ऑगस्ट २०२० रोजी शासनाचे निर्बंध वैध ठरविले आणि १७ जून २०२१ रोजी असा माल सरसकट जप्तीस पात्र असल्याचा निर्णय दिला. अंतरिम आदेशाच्या भरवशावर जहाज हाकारणे किती महागात पडते, हे त्यावरून दिसते. सौदा करण्याच्या दिवशी आणि पतपत्र उघडण्याच्या दिवशी, असे दोनदा विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचना पाहाव्यात.

भाव पडला की एक वाईट मोह होतो. मालात खोट काढायची, तो नाकारायचा आणि विक्रेत्याकडून सूट उकळायची. कडधान्याच्या व्यापारात प्रतीच्या कितीतरी तक्रारी या खरे पाहता भावाच्या तक्रारी असतात. हा मार्ग आपण स्वीकारू नये, याला केवळ नीती हेच कारण नाही. मोझांबिकमधील लहान शेतकरी तूर पिकवितो ती प्रामुख्याने भारताच्या भरवशावर. जुलै २०१६ मध्ये दोन्ही देशांत करार झाला, आणि पुढच्याच वर्षी आपल्याकडे उत्पादन वाढून आयातीवर मर्यादा आली, तेव्हा तेथील भाव कोसळले. त्याचे दुःख आपल्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. जो ग्राहक आज खोटी खोट काढतो, त्याला उद्या कोणी पतीवर माल देत नाही, आणि त्याची खरी तक्रारही कोणी खरी मानत नाही.

खरा वाद उद्भवलाच, तर तो सोडविण्याची वाटही आधीच ठरलेली असावी. धान्यव्यापारात लंडनच्या ग्रेन अँड फीड ट्रेड असोसिएशन, म्हणजे गाफ्टा, या संस्थेचे छापील करार आणि तिचा लवाद जगभर चालतो. १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे अशा लवादाचा निवाडा अनेक देशांत अमलात आणता येतो, आणि भारत त्या करारात सामील आहे. मात्र तक्रार नोंदविण्याची मुदत अल्प असते. पोती गोदामात रचून, सणवार उरकून मग पत्र लिहू म्हटले, तर दार बंद झालेले आढळते. कंटेनर उघडताना छायाचित्रे घ्यावीत, परीक्षक हजर ठेवावा आणि मालात दोष दिसताच लेखी सूचना द्यावी.

मित्रहो, आपण काय करावे ते थोडक्यात सांगतो. संचालकांनी पहिला सौदा लहान करावा आणि करार बँकेच्या परकीय चलन शाखेला व जाणत्या वकिलाला दाखवूनच सही करावी. विक्रेता कोण, त्याने पूर्वी कोणाला माल दिला, याची चौकशी दोन वेगळ्या ठिकाणांहून करावी. 'सोने पाहावे कसून, माणूस पाहावे बसून' हे आपल्या वडीलधाऱ्यांचे सांगणे दर्यापारच्या माणसालाही लागू आहे. पंचायत सदस्यांनी सर्वसाधारण सभेत हे कागद मागावेत. 'आयात केली' एवढ्यावर समाधान मानू नये, परीक्षणाचा दाखला व पतपत्राची प्रत पाहावी. शिक्षकांनी शाळेत आलेल्या डाळीचे पोते उघडताना वास, ओल, भुंगेरा आणि तिकोनी वेडीवाकडी डाळ यांकडे लक्ष द्यावे आणि संशय आल्यास ती शिजवू न देता वरिष्ठांना व अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांना कळवावे. अधिकाऱ्यांनी अशी तक्रार आली असता तिला उपद्रव न समजता उपकार समजावे.

मी वाङ्मयाचा विद्यार्थी. व्यापार हे माझे क्षेत्र नव्हे. पण शब्दांचे महत्त्व मला ठाऊक आहे, आणि हा सारा व्यवहार अखेर शब्दांवर उभा आहे. करारातला एक नेमका शब्द आठ टन पाण्याचे पैसे वाचवू शकतो. पतपत्रातला एक ढिला शब्द सभासदांचे भांडवल घालवू शकतो. माल भरला जाण्यापूर्वी त्याची प्रत कागदावर उतरवा आणि त्या कागदाशी पैसा बांधा. तसे केले तर बाजारातल्या तुरीवरून घरात भांडण होणार नाही आणि कोणी आपल्या हातावर तुरीही देणार नाही. शाळेतल्या त्या मुलाच्या ताटात पडणारी २० ग्रॅम डाळ मात्र निर्मळ असेल.

 आपल्या शंकांची उत्तरे देण्याचा आता यथामती प्रयत्न करीन.

जय हिंद! जय महाराष्ट्र!